मामाचा खांदा

माझ्या बहिणीच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो दिसतो. थोरल्या भाच्याच्या हळदीचा. भाचा पिवळाधम्मक, गळ्यात हार, प्लास्टिकच्या लाल खुर्चीत बसलेला, आणि ती खुर्ची चौघांनी उचलून धरलेली. तिघांच्या दंडाच्या शिरा तटतटलेल्या दिसतात. चौथा मी. पालखीला गर्दीतून हात लावावा तसा माझा हात खुर्चीच्या पायाला नुसता लागलाय आणि दुसरा कमरेवर आहे.

आम्ही आगरी. आमच्याकडे हळदीच्या संध्याकाळी मामाने भाच्याला नाहीतर भाचीला खांद्यावर घेऊन नाचवायचं असतं. लग्न कोणीही लावो, हळद मामाची. बहिणीला भाऊ मी एकटाच. त्या दिवशी भाच्याला खांद्यावर घेतलं, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला गुडघ्यांनी हात वर केले. मी त्याच्यासकट खाली बसलो. बेंजोवाले वाजवायचे थांबले. मग कोणीतरी समजूतदारपणे खुर्ची आणली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी तापट माणूस, भांडून मोकळा झालो असतो. बहीण जवळ आली आणि एवढंच म्हणाली, "आदी पानी पी."

अजून मला त्या पाण्याचा राग येतो.

हे शरीर काही एका रात्रीत वाढलं नव्हतं. मी राहायला शेलारला, कामाला मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर, आणि मध्ये आख्खी भिवंडी. जाता-येता गाडीतच निम्मं आयुष्य. गोदामात काचेची केबिन, समोर कॅमेऱ्याचे पडदे. कुठला माल कुठे पडलाय ते खुर्चीतून दिसायचं, ओरडायला वॉकीटॉकी होती. शिवाय आमच्या धंद्याचा रिवाज असा, की गाडी माल उतरवायला लागली की ड्रायव्हर आणि सुपरवायझरने एक चहा घ्यायचा. दिवसभर गाड्या लागायच्या. सोबत वडापाव आला तर त्याला नाही कोण म्हणणार? आधी पोटोबा, आणि विठोबाला रविवारी सुट्टी असेल तर. शेवटी सुरक्षेचं जे चमकतं जॅकेट असतं, त्याच्या पुढच्या पट्ट्या एकमेकींना भेटेनाशा झाल्या. मी जॅकेट उघडंच घालायचो आणि सांगायचो, उकडतं.

मग धाकट्या भाचीचा साखरपुडा झाला. ही शाळेत शिकवते, जिभेला धार आहे. सगळी माणसं जेवायला बसलेली असताना ती मोठ्याने म्हणाली, "मामा, माज्या टायमाला खुर्ची नको हां. मी सांगून ठेवते."

पंगत खदखदून हसली. मीही हसलो. बहीण तेवढी हसली नाही. ती माझ्या ताटात मटण वाढत होती, तिचा हात क्षणभर थांबला. ते मटण मला जाईना. बहिणीला दोनच पोरं. ही शेवटची हळद. यात बसलो तर पुन्हा उठायला जागा नव्हती. लग्न पुढच्या हंगामाच्या शेवटाला ठरलं होतं, म्हणजे हातात वर्षभर होतं.

पहिला झटका जिमचा. धामणकर नाक्याजवळ एक शोधली, कामावरून येताना वाटेत पडते म्हणून. तिथे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत व्यायामाची वेळ संपलेली असायची. हॉर्न ऐकत, रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत मी जो घाम गाळला तेवढाच. ते प्रकरण फार चाललं नाही.

दुसरा उपाय, पहाटे रस्त्याने चालणं. आता आमच्या भागात माणूस पायी दिसला म्हणजे त्याची गाडी बंद पडली, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून ओळखीचा. पहिल्याच दिवशी चुलत चुलत्याने बाईक थांबवली. "काय रं, गारी बंद परली? बस मागं." म्हटलं, चालायला निघालोय. "कुठं?" कुठंच नाही, नुसतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की घरात भांडण झालंय हे त्याने नक्की केलं असावं. नाही म्हणावं तर अपमान. बसलो. त्याने नाक्यावर नेऊन चहा पाजला, समजूत घातली आणि घरी आणून सोडलं. बायको दारात उभी. "चालून आलाव? मंग बाईकवर कवापास्नं चालतात?" दुसऱ्या दिवशी टेम्पो, तिसऱ्या दिवशी सरपंचांची गाडी. आठवडाभरात माझं गावातल्या प्रत्येक वाहनात बसून झालं होतं.

"नव्याचं नऊ दिवस," बायको म्हणाली. मला झोंबलं, आणि झोंबलं तेच बरं झालं.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला. ज्या गोदामात दिवसभर बसतो, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला गेलं तर पाय बोलतात. वर पत्रा, ऊन नाही, ट्रॅफिक नाही, आणि लिफ्ट द्यायला कोणी थांबत नाही. मी केबिनमधली खुर्ची बाहेर काढून वॉचमनला दिली. गाडी लागली की स्वतः चालत दारापर्यंत जायचं, माल रॅकला लागेपर्यंत सोबत फिरायचं. पहिल्या आठवड्यात लोडर घाबरले. एकाने हळूच विचारलं, "साहब, कुछ गुम हुआ है क्या?" म्हटलं, "हाँ, मेरी कमर." त्याला कळलं नाही, पण काम मात्र झपाट्याने व्हायला लागलं. वरचे साहेब माझ्यावर खूश. त्यांना वाटलं मला जबाबदारी कळली.

चहा सोडता येत नव्हता, माणसं तुटली असती. साखर सोडली. बिनसाखरेचा चहा मागितला की ड्रायव्हर विचारायचे, "क्या सेठ, शुगर हो गया?" मी म्हणायचो, भाचीची शादी है. या उत्तराचा चहाशी काय संबंध, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. शादी म्हटलं की सगळं माफ असतं.

घरात बायकोने सूत्रं हातात घेतली. तांदळाच्या चार भाकऱ्यांच्या दोन झाल्या. मासे राहिले, तळणं गेलं. माझी चिडचिड व्हायची, ताट सरकवायचो. ती शांतपणे म्हणायची, "खुर्ची आनू का?" त्या एका वाक्यावर मी वर्षभर जेवलो.

खरी परीक्षा हळदींचा हंगाम लागल्यावर. भिवंडीच्या आसपासच्या गावांत त्या दिवसांत एका संध्याकाळी तीन-तीन हळदी असतात आणि तिन्ही आपल्याच असतात. गेलं पाहिजे, आणि गेलं की जेवलं पाहिजे. वडे, सुकं मटण, भात. हात आखडता घेतला की घरमालक येऊन उभा राहतो. "आमच्या घरचं जेवन आवरलं न्हाय काय?" पहिल्याच हळदीत मी तीन महिन्यांची मेहनत एका पंगतीत बुडवली आणि घरी येऊन स्वतःवर भयंकर संतापलो.

दुसऱ्या हळदीला गेलो तेव्हा वाढायला माणसं कमी पडत होती. यजमान कावराबावरा होऊन फिरत होता. मी बाह्या सरसावल्या आणि भाताची बादली उचलली. पंगत जमिनीवर. प्रत्येक पानासमोर वाकायचं, वाढायचं, उठायचं, पुढचं पान. रांग संपेपर्यंत मांड्या पेटल्या. आणि मग लक्षात आलं, मला कोणीही आग्रह करत नव्हतं! वाढप्याला कोण आग्रह करतो? उलट मीच करत होतो. "घ्या हो, लाजू नका." आयुष्यभराचा सूड उगवला मी त्या रात्री. शेवटी वाढप्यांच्या पंगतीला बसलो तेव्हा वडे संपले होते. मिळालं त्यात पोट भरलं.

त्यानंतर एकही हळद चुकवली नाही. गेलो की सरळ बादलीकडे. बायको म्हणायची, जिम सोडलीत आणि बादली धरलीत. गावात माझं नाव झालं. एवढा साहेब माणूस, पण बघा, सगळ्यांच्या हळदीत राबतो. त्यांना काय सांगणार? एका म्हाताऱ्या आत्याने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला लाज वाटली, पण बादली सोडली नाही. आणि खरं सांगू, पुढे पुढे बादलीसाठीच जायला आवडू लागलं.

जॅकेटच्या पट्ट्या एका सकाळी भेटल्या. केबिनमध्ये मी त्या चारदा उघडून पुन्हा लावल्या, नुसता तो आवाज ऐकायला.

शेवटी खांद्याची तयारी. घरच्या तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन मी अंगणात नाचायचो. बायकोला म्हटलं, तूच बस, खरा अंदाज येईल. ती घरातच निघून गेली. भाची फोन करायची. "मामा, झाला काय बारीक?" मी म्हणायचो, "तू नको जाडी होऊस. तुझ्या वाटचं मी उपाशी राहतोय."

हळदीचा दिवस आला. मांडवात उजेड, बेंजोने सूर धरलेला. भाचीला हळद लागली, बायकांनी ओवाळलं, आणि मामाला हाक गेली. मी पुढे झालो तर बाजूला काय बघतो? प्लास्टिकची खुर्ची. पुसून ठेवलेली. तिच्याशेजारी तीन दणकट पोरं, हात मागे बांधून, दुसरीकडे बघत उभी. कोणीतरी माझी अब्रू राखायची तजवीज करून ठेवली होती. त्यांचा हेतू चांगला होता. माझं मस्तक मात्र फिरलं.

"खुर्ची बाजूला घ्या," मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्याने.

मी खाली बसलो. भाची खांद्यावर बसली, माझं डोकं तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि तरी ती बसली होती. मी जमिनीकडे बघून श्वास घेतला आणि, भाताच्या पहिल्या पानापासून उठावं तसा, उठलो.

पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्याला सगळा मांडव माझ्या गुडघ्यांकडे बघत होता. तिसरं पडलं, चौथं पडलं, आणि बेंजोवाल्याने असा काही ठेका सोडला की पुढची मोजायला मला वेळच मिळाला नाही. मी नाचलो. मांडवाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत, अंगणातून, आचाऱ्यांच्या चुलींपर्यंत जाऊन परत. वाढपी पोरं बादल्या खाली ठेवून शिट्ट्या मारत होती. ज्या चुलत्याने मला बाईकवर बसवलं होतं तो माझ्यापुढे उलटा नाचत होता. माझ्या तोंडावर हळद, डोळ्यांत घाम, आणि मी इतका खूश होतो की मला रडू येत होतं.

भाची वरून ओरडली, "मामा, उतरव आता, मला चक्कर येते!"

"अजून एक फेरी," मी म्हटलं, आणि वळलो.

वळलो तेव्हा ती खुर्ची दिसली. तिच्यात माझी बहीण बसली होती. पदर तोंडाला लावून, हमसून हमसून. शेजारची बाई तिला पाण्याचा पेला देत होती आणि ती तो हाताने बाजूला सारून माझ्याकडे बोट दाखवत होती. "पानी नको मना," ती म्हणत होती, "बगू दे. माजा भाव नाचतंय."