ह्यांचा पेसमेकर

मागच्या महिन्यातला गुरुवार... सेलू, सकाळचे साडेसात. रोजच्यासारखी ह्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बोटांखाली काहीच लागेना.

आधी वाटलं, आपलीच बोटं चुकली. पुन्हा चाचपलं, मग गळ्यापाशी... अंग अजून कोमट होतं.

नाडी मोजायची ही सवय चार वर्षांची. ह्यांना चक्कर येऊ लागली, ठोके पस्तिसावर आले, तेव्हा संभाजीनगरला नेऊन पेसमेकर बसवला. हे फार घाबरले होते. म्हणून कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलेली आकृती मी कागदावर काढून दाखवली. हृदयाच्या स्नायूचे तंतू फांद्याफांद्यांचे असतात, एकमेकांत हात गुंफल्यासारखे... एकाला विजेचा इशारा मिळाला की तो शेजारच्याला देतो, आणि सगळे मिळून आकसतात. तोच एक ठोका. "तुमचे तंतू धडधाकट आहेत," मी म्हटलं, "इशाराच वेळेवर निघत नाही."

ह्यांचं सगळं आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या मशिनरीत गेलेलं. "म्हंजी मोटर चांगली हाय, स्टार्टर बिघडलाय. एवढंच नव्हं?" म्हणाले आणि हसले. तो कागद पुढे कितीतरी दिवस ह्यांच्या खिशात होता... जिनिंगमधल्या प्रत्येकाला दाखवून झाला.

जखम मात्र खूप दिवस ठणकली. टाके निघाले त्या दिवशी म्हणाले, "निर्मला, मी गेल्यावर तरी मला कुणाला कापू देऊ नको बरं." मी हो म्हटलं. नंतर हॉस्पिटलच्या कार्डावरची शेवटची ओळ वाचली... मृत्यूनंतर अग्नी देण्याआधी यंत्र काढून घ्यावे. ती ओळ ह्यांना मी कधीच दाखवली नाही.

त्या गुरुवारी गल्लीतले डॉक्टर धावत आले. तरुण आहेत, बाहेरगावचे, नुकताच दवाखाना टाकलाय. त्यांनी ईसीजी लावला. कागदावर सपाट रेघ, आणि तिच्यावर ठरावीक अंतराने एकेक बारीक उभी रेघ.

"बघा की, रेघ उठायलीय!" माझ्या थोरल्या नणंदबाई, गंगाअक्का, ओरडल्याच. "चालू हाय माझा भाऊ!"

"ते यंत्र आहे, आजी," डॉक्टर हळूच म्हणाले. "ते इशारा देतंय. हृदय उत्तर देत नाहीये."

मला ते आधीच कळलं होतं. प्रत्येक उभ्या रेघेमागून जो चढ यायला हवा, तो येत नव्हता.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले. "काकू, यंत्र काढावं लागेल. छोटीशीच चीर द्यायची. अग्नीत ते फुटतं." चार वर्षं जिची धास्ती घेतली ती ओळ समोर येऊन उभी राहिली होती... आणि मी माझा शब्द मोडणार होते. "बरं," असं तोंडून निघूनही गेलं. डॉक्टरांनी बॅग उघडली.

"काय बरं?" अक्कांनी पदराने डोळे पुसले. "डॉक्टरसाहेब, तुमी लय शिकलाव, पर गळ्यातलं लिंग दिसलं न्हाई का? आमच्यात कुटं जाळतेत? आमी मातीत बसवतो." मग माझ्याकडे वळून, "आन तू गं? एवढी इंग्रजी शिकलीस. तुज्या सासू-सासऱ्याला काय जाळलं होतं का आपण?"

मी लिंगायत घरातच जन्मले, लिंगायत घरातच आले. तरी चार वर्षांत हे एकदाही मनात आलं नाही! विचार त्या ओळीपाशी यायचा आणि तिथेच थांबायचा... पुढे, मातीपर्यंत, कधी गेलाच नाही.

डॉक्टरांनी बॅग बंद केली. ह्यांच्याकडे पाहून हात जोडले.

दुपारी ह्यांना मांडी घालून बसवलं. कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, भोवती बेलाची पानं. डाव्या खांद्याखालचा तो जुना व्रण तसाच होता... मिटलेला.

परवा डॉक्टर रस्त्यात भेटले. मी विचारलं, बॅटरी अजून किती चालेल? "पाच-सहा वर्षं, काकू," ते खाली बघत म्हणाले. म्हणजे अजूनही ते यंत्र मातीखाली इशारा देतंय... उत्तर येत नाही म्हणून थांबत नाही.

सकाळी साडेसातला माझी बोटं अजून मनगट शोधतात. दोन-तीन दिवस अक्कांनी नुसतं पाहिलं. मग एक दिवस शेजारी येऊन बसल्या आणि आपला हात माझ्या मांडीवर ठेवला. "घे, माजी मोज."

आता रोज मोजते, घड्याळाकडे बघत, पूर्ण मिनिटभर... अक्का, तुम्ही होतात म्हणून माझा शब्द राहिला.