बंद टीव्हीसमोरचा माणूस

नवी पेठेतल्या रद्दीच्या दुकानात मी फडताळात अंथरलेले जुने कागद विकायला गेले होते, तिथं हा माणूस भेटला. साठीचा, शर्टाला कडक इस्त्री आणि नाक मात्र धुळीनं काळं. टीव्हीचे कार्यक्रम छापणारी जुनी साप्ताहिकं तो गोळा करतो. करेना का, लोक काय दगडंही गोळा करतात! पण हा ती वापरतो. ज्या जुन्या सालाचे तारीख-वार यंदाशी जुळतात, त्या सालचे अंक काढायचे आणि छापलेल्या वेळेला टीव्हीसमोर बसायचं. टीव्ही बंदच.

"ह्या आठवड्याचा अंकच घावंना," तो कळवळला. "सोमवारपास्नं संध्याकाळी काय करावं कळंना."

"अवो, आता ढीगभर चॅनल हायत की!"

"हायत. पन ती संपतच न्हाईत, आक्का. आमचा टीव्ही येळेवर झोपा म्हनायचा."

बोलता बोलता अंगठा जिभेला लावत तो माझीच रद्दी उपसत होता. त्यातच त्याला हवा तो अंक निघाला! पण शुक्रवारच्या संध्याकाळवर माझ्या तेलाच्या डब्याचा गोल डाग. मला लई वाईट वाटलं.

"शुक्रवार गेला की वो तुमचा."

त्यानं कागद उजेडात धरला, वास घेतला.

"गेला कशानं? व्यत्यय आला म्हनायचं. आता सुरू हुईल, मग सुरू हुईल म्हनत नुसतं बसायचं."

वेडाच म्हणा. पण शुक्रवारी संध्याकाळी मी रिमोट मांडीखाली दाबून बसले. सून म्हणाली, "बिघडला का, आत्या?"

म्हटलं, "व्यत्यय आलाय. बस की जरा."