मैनाला वाचता आलं

माझी थोरली बहीण इंदुताई नवरा वारल्यावर मास्तरीण झाली. नागभीडपासून आत, तलावाकाठच्या एका गावात तिची नेमणूक झाली. पंचावन्न साल असेल. सोबतीला म्हणून घरच्यांनी मला धाडलं. ताई भारी फटकळ. पोरांवर ओरडायची आणि मग त्यांचीच नाकं आपल्या पदराने पुसायची.

वर्गात गोविंदा ढिवराची मैना होती. अक्षरं सगळी पाठ, पण ती जोडायची म्हटली की घोडं अडायचं. पाटीवर ‘वजन’ लिहिलं की म्हणायची, “व. ज. न.” तिन्ही मिळून काय झालं, विचारलं की मान खाली. पोरं तिला ठोकळा म्हणायची. ती रडायची नाही, त्याचंच ताईला जास्त लागायचं.

एक दिवस गोविंदा शाळेच्या दारात आला. “बाई, आता पुरे झालं. इच्या मायची तब्येत बरी नाई. पोरगी घरी पायजे, लहान्याले पाहाले.”

ताई त्याच्याशी भांडली, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी बोलून गेली, “तिले वाचता येतपर्यंत तरी ठेवा, भाऊ. मंग मी काई म्हणत नाई.”

“बरं. वाचता येतपर्यंत,” गोविंदा म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का होता.

मग ताई हात धुऊन मैनाच्या मागे लागली. चिंचोके जुळवून दाखवले, गोडीत सांगितलं, एकदा धपाटाही घातला. व. ज. न.

एका सकाळी आम्ही तलावावर धुणं धूत होतो. मैना बापाची शिदोरी घेऊन आली. गोविंदा दूर पाण्यात जाळं टाकत होता. तिने हाक मारली, “बाऽऽबाऽऽ!” आवाज पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला, मधे कुठे तुटला नाही. ताईने हातातलं लुगडं तसंच टाकलं आणि काडीने चिखलात अक्षरं काढली.

“याले अशीच हाक दे. मधात श्वास तोडू नको.”

“वऽऽजऽऽन...” मैना थबकली. पुन्हा म्हणाली, जरा घाईने. “वजन! बाई, वजन! बाजारातलं!”

ताईला रडू कोसळलं. ओल्या हातांनीच तिने पोरीला पोटाशी धरलं.

पुढे हाका आखूड होत गेल्या आणि दिवाळीपर्यंत मैना धडा वाचू लागली. गोविंदाची छाती फुगली. बाजारात त्याने तिच्याकडून दुकानांवरच्या पाट्या वाचून घेतल्या, चार लोकांना पान खिलवलं. दुसऱ्या दिवसापासून मैना शाळेत आली नाही.

ताई तणतणत त्याच्या घरी गेली, मी मागोमाग. गोविंदाने लगबगीने बसायला खाट टाकली.

“तुमचे लय उपकार हायेत, बाई. येते ना आता तिले वाचता?”

त्याच्या बोलण्यात जराही खोट नव्हती. म्हणूनच मला त्याचा राग अजून धड करता येत नाही. तणतणत आलेली माझी बहीण खाटेवर बसली.

अंगणात मैना मासे साफ करत होती. ती उठून जवळ आली, खवले लागलेले हात मागे लपवले आणि हळूच म्हणाली, “बाई, मले वाचता आलंच नसतं, तं मी शाळेत राह्यली असती ना?”

ताईला खोटं बोलता आलं नाही.

“हो, माय,” ती म्हणाली.