बार्बेक्यूतलं कुंभारणीचं घर

ज्याला भांडी घासायची नाहीत त्यानं भांडी आणू नयेत, असं माझं सरळ म्हणणं आहे. पण माझ्या धाकट्या दिरांना ते कोण सांगणार? ते ठाण्याला असतात. एकदा जव्हारला घरी येताना गाडीत घालून गॅसवरचा बार्बेक्यू घेऊन आले आणि मागच्या पडवीत ठेवला. ‘वहिनी, आता तुम्हाला धुराचा त्रास नाही,’ म्हणाले. धूर गेला आणि चिकटा आला. सुटीला मित्रांना घेऊन यायचं, दाभोशाला धबधबा बघायचा, संध्याकाळी कोंबडी भाजून खायची आणि सकाळी गाडी चालू करायची. हौस त्यांची, हमाली माझी.

ती जाळी थंड झाली की तिच्यावरचा मसाला हलत नाही. गरम असतानाच अर्धा कांदा काट्याला टोचून घासला तर निघतो, हे माझं मीच शिकले. खालच्या ट्रेमध्ये चरबी साचते. ती वेळच्या वेळी काढली नाही तर मुंग्या, मग उंदीर. त्यात आमच्याकडचा पाऊस. लोखंडाला तेलाचा हात फिरवायला विसरलं की गंज चढलाच म्हणून समजा.

एका होळीला तो शेवटचा पेटवला, त्यानंतर बंदच होता. उन्हाळ्यात एक कुंभारीण, ती मातीचं घर करणारी बारीक कमरेची माशी, तोंडात ओली माती घेऊन पडवीत ये-जा करायला लागली. बटणांच्या मागे बर्नरची नळी असते. नेमकं त्या नळीच्या तोंडात तिनं घर केलं. मी झाडूची काडी घेऊन वाकले, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

‘हात लावू नकोस. कुंभारणीनं घर केलं की घरात पाळणा हलतो.’

मी काडी खाली ठेवली. लग्नाला बरीच वर्षं झालेली. आदल्या वर्षी मला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दवाखान्यातून आल्यापासून मी त्या विषयावर कुणाशी बोलले नव्हते. या माशीनं तो उचलून पुन्हा पडवीत आणून ठेवला.

सासूबाईंनी आळीभर सांगितलं. बायका विरजण मागायला यायच्या, आधी बार्बेक्यूकडे बघायच्या, मग माझ्या पोटाकडे. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईंना जरा समजवा. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, ‘असू दे ना, तुझं काय जातंय?’ ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दर महिन्याला मी घरात तोंड चुकवत वावरत होते, आणि सासूबाई रोज आंघोळ झाली की बॅटरी घेऊन नळीत डोकावत होत्या.

आषाढात त्यांनी डोकावणं एकाएकी सोडलं. बार्बेक्यूवर जुनी गोधडी टाकली आणि वरून दोरीनं आवळली. ‘पाऊस लागतो,’ म्हणाल्या. मला बरंच झालं, निदान डोळ्यांसमोरून तरी गेलं.

दसऱ्यानंतर दिरांचा फोन आला. ‘वहिनी, रविवारी येतोय, साफ करून ठेवा हं.’ ठेवा म्हणे! मी काय पगारी ठेवलेली आहे?

तरी गोधडी काढली. जाळी घासली, ट्रे धुतला, सिलेंडर जोडून पाइपच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितला. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे गळती नव्हती. पेटवला तर बाकीचे बर्नर निळे आणि कुंभारणीच्या घराचा तो एक पिवळा, काजळी सोडणारा. बघता बघता बटणापाशीच भक्कन ज्वाळा आली आणि माझ्या हातावरचे केस जळाले. गॅस बंद केला, सिलेंडर सोडवला. भीती वाटली होती, पण त्याहून जास्त माझं डोकं फिरलं होतं.

बार्बेक्यू निवल्यावर स्क्रू काढून मी तो बर्नर बाहेर ओढला. सासूबाई लगबगीनं आल्या.

‘राहू दे गं. तो सोडून बाकीचे पेटवा.’

‘आई, गॅस आहे हा. उद्या कुणी भाजलं म्हणजे?’

‘मग पेटवूच नका. मी त्याला सांगते, येऊ नको म्हणून.’

एका माशीच्या घरापायी लाडक्या लेकाला येऊ नको सांगायला निघाल्या, हे ऐकून मी आणखीच भडकले. ‘पाळणा पाळणा करून तुम्ही माझी आळीभर शोभा केलीत. आता पुरे,’ म्हटलं आणि जुन्या सायकलच्या ब्रेकची तार त्या नळीत खुपसली.

मातीचा गोळा सुटून फरशीवर पडला. त्याला बाजूनं एक गोल भोक होतं. आत पातळ वाळकं सालपट होतं, बाकी काही नाही. पिल्लू केव्हाच उडून गेलं होतं.

‘बघा. रिकामं आहे,’ मी म्हटलं. खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं.

‘ठाऊक आहे मला. आषाढातच बघितलं मी.’

‘मग गोधडी कशाला बांधलीत? सांगायचं नाही का?’

त्या वाकून मातीचे तुकडे पदरात गोळा करायला लागल्या. ‘तुझं ते तसं झालेलं. त्यात हेही घर रिकामं झालं, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?’

मला रडू आलं आणि रागही तेवढाच आला, कारण इतके महिने जिच्यावर चिडत होते ती बाईसुद्धा आता चिडायला उरली नव्हती. त्यांनी माझ्या हातातून बर्नर घेतला आणि मोरीत घासायला बसल्या. मी शेजारी बसून तांब्यानं पाणी ओतत राहिले.