पेशंटांचा माणूस

शेषेरावांना 'न्हाई' म्हणता येत नव्हतं. अर्धापूरला केळीची बाग, अंगात साखरेचा आजार, आणि स्वभाव असा की ज्याच्या घरचा चहा घेतला त्याला तोंडावर नकार देणं म्हणजे पापच. म्हणून तर सोयरिकीच्या बैठकीला लोक त्यांना आवर्जून न्यायचे.

नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्याला नेमका असाच माणूस हवा होता. नवं औषध माणसांवर तपासायचं असेल तर आधी तिथं एक समिती बसते, आणि तिच्यात पेशंटांचाही एक माणूस घ्यायचं ठरलं होतं. शेषेरावांना शाल-श्रीफळ मिळालं, गल्लीत अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, आणि ते कडक इस्त्रीत समितीला जाऊ लागले. डॉक्टर इंग्रजीत वाचायचे, शेषेराव बिस्किटं खायचे. शेवटी मोठे साहेब विचारायचे, "पेशंटांचं काय म्हणणं?"

"हाव साहेब, चांगलंच हाय की."

झालं, मंजूर! इतका समंजस सभासद समितीला दुसरा मिळाला नसता.

एके दिवशी नर्सबाई त्यांच्याच गल्लीत आल्या. दोन-चार घरं करून शेषेरावांच्या दारात टेकल्या. साखरेच्या आजारावरची नवी गोळी तपासायची होती आणि त्यासाठी जुनी महिनाभर बंद ठेवायची होती. शेषेरावांची बायको तारामती उसळलीच.

"महिनाभर? शेजारच्या विठाबाईच्या पायाची जखम आत्ता कुठं भरून राहिली. पाय जाईल तिचा! असल्याला हाव म्हनलं तरी कोन?"

नर्सबाईंनी शेषेरावांकडं पाहिलं. शेषेराव चपला शोधू लागले.

"माझ्या तोंडाकडं नका बघू. जावा, सांगा तिला," तारामती नवऱ्याला म्हणाली.

लाजेनं माणूस अर्धा झाला होता. जन्मात पहिल्यांदा शेषेराव 'न्हाई' म्हणायला घराबाहेर पडले. विठाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. पायाला पट्टी, हाताच्या अंगठ्याला ओली शाई. जुन्या गोळ्या तिनं मघाशीच नर्सबाईंच्या हवाली केल्या होत्या.

"विठाबाई, ह्यात पडू नका. न्हाई म्हनून सांगा," शेषेराव कसंबसं बोलले.

विठाबाई हसली. "मला काय कळतंय त्यातलं, भाऊ? बाईनं सांगितलं, तुमच्या गल्लीचे शेषेराव हाव म्हनलेत. मंग मी इचारलंच न्हाई काही."