कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाई

काकू द्राक्षमळ्यावरच्या अतिथिगृहाच्या मालकीणबाई. मालकीण आपली म्हणायला. झाडलोट, चादरी, न्याहारी आणि पाहुण्यांच्या रुसलेल्या पोरांची समजूत हे सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मालक म्हणत, फाटकाशी उभे राहून पाहुण्यांचं तोंडभर स्वागत करत. फाटकावर त्यांनी पाटी रंगवून घेतली होती : 'इथे या आणि काहीही करू नका.' पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते विश्रांतीच्या बाबतीतही खरं असावं.

हिवाळ्यात पानं गळून वेलींच्या नुसत्या काड्या उरत. "वेलीलाही झोप लागते हो," मालक आल्यागेल्याला सांगत. "नाही मिळाली तर पुढच्या वर्षी फळ धरत नाही." पाहुणे माना डोलावत. चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या असलेल्या काकूही डोलावत.

काकूंना एकच हवं होतं : वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत चार दिवस पडून राहायचं. तिथे दिवसभर ऊन येई. तीस वर्षं त्यांनी ती खोली झाडली, पण त्या पलंगाला पाठ म्हणून टेकली नव्हती. दर हिवाळ्यात तिथे नणंदबाई विश्रांतीला येत. कशापासून विश्रांती, हे विचारायची सोय नव्हती.

"मी वर चार दिवस राहू का? अंग फार दुखतंय," काकूंनी एकदा विचारून पाहिलं.

"राहा की! नको कोण म्हणतंय?" मालक म्हणाले. "एवढा हंगाम सरू दे." हंगाम सरला तेव्हा छाटणी निघाली, छाटणी उरकली तेव्हा रंगकाम.

मग काकूंनी खोली भाड्याने घेतली. फोन त्याच घेत असल्यामुळे काही अवघड नव्हतं. एक बाई येतायत, आजारातून उठल्यात, पैसे आधीच भरलेत, माणसाचं तोंडही बघायला नको म्हणतात, असं त्यांनी मालकांना सांगितलं. पैसे त्यांच्या स्वतःच्या साठवणीतले होते. पैसे भरलेलं गिऱ्हाईक म्हटल्यावर मालकांनी सख्ख्या बहिणीला कळवून टाकलं, यंदा येऊ नकोस. मालक वाइनची पिंपं पोचवायला गेले, त्या दुपारी बाई 'आल्या'.

आणि चमत्कारच झाला. "बाईंना एकटं सोडवत नाही हो," असं काकू म्हणाल्या, तर मालक चक्क म्हणाले, "तू बस त्यांच्यापाशी. खालचं मी बघतो." त्यांनी भांडी घासली. सूप केलं, तेही गुठळ्या न होता. काकू ट्रे वर नेत, दार लावून निवांत सूप पीत आणि उन्हात झोपत. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. काकूंच्या मनात ते पहिला दिवसभर होतं, दुसऱ्या दिवशी तेही मावळलं.

तिसऱ्या दिवशी चादरी वाळत घालते म्हणून त्या मागच्या जिन्याने वर आल्या. पांघरुणात शिरतात तोच दारावर टकटक झाली.

"बाई, मी मालक. आमच्याकडून वाइनची एक बाटली दाराशी ठेवतोय. आमची ही नीट बघते ना तुमच्याकडे?"

काकूंनी उशीत तोंड खुपसून "हं" केलं.

"तिचं काही चुकलं तर सांभाळून घ्या. दमलीये हो ती. दोन वर्षं झाली, जिना चढताना मध्येच थांबते, कठड्याला धरून. मी बघतो ना."

काकू उठून बसल्या. खोटं फार झालं, आता दार उघडावं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकावं, असं वाटून त्या दाराशी आल्या. कडीवर हात ठेवला.

"तिला मात्र मी हे बोलून दाखवत नाही," मालक हसत म्हणाले. "बोललो तर बसेल. आणि ती बसली की आमचं सगळंच बसलं!"

हात कडीवरच राहिला. पुरुषांच्या लक्षात येत नाही हो, असं म्हणून काकूंनी आजवर या माणसाला किती वेळा माफ केलं होतं. त्याच्या लक्षात आलं होतं. ते त्यांना फार लागलं.

"खोली," त्या दाराआडूनच म्हणाल्या, "महिनाभर ठेवा."

तीस वर्षांत मालकांनी तो आवाज कधी नीट ऐकला असता, तर इथेच सगळं फुटलं असतं. पण ते "जरूर, जरूर!" करत जिना उतरूनही गेले. खालून त्यांची आनंदाची हाक आली.

"अगं ए, कुठे आहेस? बाई महिनाभर राहतायत! आता तुला त्यांच्यापासून जराही हलायचं नाही, सांगून ठेवतो!"

काकूंनी दार उघडलं. बाटली आत घेतली, कडी घातली आणि मनसोक्त रडून घेऊन त्या झोपल्या.