कुरखेडेवालीचं नाव

मूळ शोधायला गावी जावं आणि मूळ सोडून बाकी सगळं घेऊन यावं, असंच होतं बघा! बाबांसोबत दोन दिवस फिरले, तर गाडीच्या डिकीत तांदळाचं एक पोतं आणि डोक्यात किस्स्यांचं दुसरं.

बाबांना हवं होतं फक्त त्यांच्या आईचं नाव. ते रांगत होते तेव्हाच ती गेली. आजोबा त्यांना घेऊन चंद्रपूरला आले आणि मरेपर्यंत 'तुझी माय' यापलीकडे काही बोलले नाहीत. सत्तरीच्या माणसाला आईचं नाव ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटायचं.

*

चिमूरकडचं आमचं गाव तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं. ओळख काय सांगायची, या विचारात मी होते. सांगावी लागलीच नाही! जेवताना बाबांनी माशाचं डोकं शेवटच्या घासाला राखून ठेवलं, ते पाहून चुलतकाका ओरडले, "आपलाच हाये ना जी हा! दाखला कायले पायजे?"

*

या काकांना वंशावळ तोंडपाठ. पणजोबा, खापरपणजोबा, कोण तळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात जाळं टाकायचा, सगळं! मोबाइलवर टिपून घेता घेता मी थकले, काका काही थकेनात.

"काका, यात बायका कुठे आहेत?"

"होत्या ना! नाई तं हे एवढे आले कुठून?"

*

"बरं, बाबांच्या आईचं नाव काय होतं?"

"कुरखेडेवाली."

"ते माहेर झालं. नाव?"

"तेच तं सांगून राह्यलो! तिथून एकच तं आलती!"

*

मग कुरखेड्याकडचं तिचं माहेर गाठलं. बाबांचे मामेभाऊ म्हणाले, "आमच्या घरी तिले लायनीच म्हनत. सगळ्यात लहान ना."

घरोघरी चहा. बाबा हात जोडून म्हणाले, "शुगर आहे हो मला."

"मंग गुळाचा करतो ना जी!"

अशा माणसांवर जीव जडतो, दुसरं काय!

*

शेवटी मामेभावांनी तळ्याजवळच्या एका म्हातारीकडे नेलं. ही आजीची भुजली. लहानपणी राखीच्या दुसऱ्या दिवशी गव्हाचे कोंब एकमेकींच्या कानामागे खोवून दोघी जन्माच्या मैत्रिणी झालेल्या. आजीचं नाव माहीत असलेलं हे एकच माणूस उरलेलं, आणि भुजलीचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हा नेम!

"मी नाई घेत," म्हातारी म्हणाली. मग बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. "आज वार कोनता रे?"

"मंगळवार."

"हं. लय जवळ आला तू."

"मंगळी?" बाबांनी विचारलं.

म्हातारीनं डोळे मिटून होकारार्थी मान डोलावली. बाबा रडायला लागले. मीही.

"आता हाक मार तिले," ती म्हणाली. "तुले चालते. मले आयकाचं हाये."

बाबा "मंगळी" असं पुटपुटले.

"जोरात. तळ्यापरेंत गेली पायजे."

बाबांनी जीव तोडून हाक मारली. तळ्यातली माणसं जाळी हातात धरून आमच्याकडे बघायला लागली. म्हातारी कानाशी हात धरून थांबली होती.

"आली नाई," ती म्हणाली. "आनखी एक डाव मार."